थांबण्याचा खर्च

पळण्यावर केलेला खर्च चारचौघांत मिरवता येतो. नवी अलॉय चाकं घेतली, सायलेन्सर बदलला, इंजिनाचं ट्यूनिंग केलं, असं सांगितलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. 'गाडी थांबवायला एवढे पैसे मोजले' हे वाक्य मात्र कुठल्याही बैठकीत टाकून पाहा, मंडळी पाचव्या सेकंदाला बांगड्याच्या भावावर येतात. गोव्यात, आमच्या फोंड्यात, बांगड्याचा विषय एकदा निघाला की ब्रेकपर्यंत परत यायला चतुर्थी उजाडते. तेव्हा लिहून काढलेलंच बरं.

गाडी जर्मन, दोन सीटची, छत उघडणारी, आणि माझ्याकडे येण्याआधी दोन घरी नांदून आलेली. (छताबद्दल विचारू नका. जून ते सप्टेंबर पाऊस, मार्च ते मे ऊन, आणि मधल्या महिन्यांत छत उघडून पर्यटकांच्या भाड्याच्या जीपमागे धूर खात उभं राहायचं.) एके दिवशी डॅशबोर्डवर ब्रेक पॅडचा दिवा लागला. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात ते पॅड. त्यांत एक बारीक सेन्सर पुरलेला असतो. पॅड झिजत झिजत त्याच्यापर्यंत आलं की तो डिस्कला घासून स्वतःचा जीव देतो आणि दिवा लावून जातो. पॅडबरोबर तोही नवा घ्यावा लागतो. इतका कर्तव्यदक्ष कर्मचारी मी उभ्या गोव्यात दुसरा पाहिलेला नाही.

मेस्ताने, म्हणजे आमच्या मेकॅनिकने, चाक उतरवलं आणि डिस्कच्या काठावरून नख फिरवलं. पॅड जिथवर पोचत नाही तिथे एक कंगोरा उभा राहिला होता, नख त्याला अडकलं. मग मायक्रोमीटर लावला. डिस्कच्या मधल्या भागावर बारीक अक्षरांत कमीत कमी जाडी कोरलेली असते. माझ्या डिस्कवर 22.4 मिलिमीटर होती. नवी डिस्क 24 ची. म्हणजे कंपनीने या जन्मासाठी दिलेली झीज सगळी मिळून 1.6 मिलिमीटर, आणि आम्ही तीन मालकांनी ती चाटूनपुसून संपवली होती.

"लेथवर मारून सपाट करून घेऊ या का?" मी विचारलं.

"लेथार कितें मारतलो? उरलां कितें?" मेस्त म्हणाला आणि हात पुसायला गेला.

बदलायचंच आहे तर चांगलं काहीतरी घालू, हा विचार याच क्षणी मनात येतो आणि माणूस कामातून जातो. कंपनीच्या मूळ मालाला नाव एक, नंबर एक, किंमत एक. चांगल्याच्या मात्र शंभर जाती. ही बातमी पर्वरीच्या भाच्याला कशी कळली देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत तो लॅपटॉपसकट घरी हजर.

भाच्याचं शिक्षण जबरदस्त. 1953 साली जॅग्वार सी-टाइपने ल मान्सची 24 तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली, बाकीचे जुन्या ड्रम ब्रेकवाले प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी पाय दाबत होते, हे त्याने मला उभ्या उभ्या ऐकवलं. 1961 साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, इटलीत बर्गामोजवळ ब्रेम्बो सुरू झाली, हेही सांगितलं. जणू दोन्ही घटना एकाच पत्रिकेवर छापल्या होत्या. मग मूळ मुद्दा आला.

"मामा, भोकांच्या डिस्क घे. आणि कॅलिपरला लाल रंग." (कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा.)

"भोकं कशाला?"

"भोकं नसतील तर स्पोर्ट्स कार कोण म्हणेल तिला?"

उत्तर प्रामाणिक होतं. जुन्या काळी पॅड तापले की त्यातल्या राळेतून वायू सुटायचा, पॅड आणि डिस्कच्या मध्ये त्याचा थर बसायचा, आणि त्याला वाट मिळावी म्हणून डिस्कला भोकं पाडायचे. आताच्या पॅडना तो त्रास फारसा उरलेला नाही. भोकं मात्र टिकली, कारण ती चाकाच्या आरांतून झकास दिसतात. डिस्क पुन्हापुन्हा कडक तापून गार होत राहिली की बारीक तडे पहिले पडतात तेही त्याच भोकांच्या कडेने. भोकं नकोत तर खाचा पाडलेली डिस्क घ्या. खाचा पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवतात, त्या मोबदल्यात पॅड लवकर खातात आणि जोरात ब्रेक दाबला की घुर्रऽऽ करतात. आणि तिसरी जात म्हणजे साधी, सपाट, आतून हवा खेळणारी डिस्क. तिच्याबद्दल बोलताना भाच्याच्या चेहऱ्यावर तब्येत विचारायला आल्यासारखा भाव होता.

"मग निदान मोठी डिस्क तरी घाल," तो म्हणाला. इथे मी भौतिकशास्त्र काढलं. बारावीचं होतं, पण शाबूत निघालं. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. दाबल्याबरोबर चाक जाम होऊ न देणारं एबीएस थरथरायला लागतं, याचा अर्थ ब्रेकमध्ये टायरच्या कुवतीपेक्षा जास्त दम आधीच आहे. मोठी डिस्क घालून पहिल्या फटक्यात गाडी आधी थांबणार नाही. फायदा होतो तो उष्णतेत. दीड टनाची गाडी ताशी 100 वरून शून्यावर आणली तर जी ऊर्जा ब्रेकमध्ये शिरते, तिच्यात पावणेदोन लिटर पाणी उकळेल. वेग दुप्पट केला की हे पाणी चौपट. शर्यतीत दर वळणाला ही चूल पेटते, त्यांना मोठं भांडं हवंच. मी मात्र म्हार्दोळच्या गतिरोधकाला 40 वरून 10 वर येतो. त्यात फार तर वाटीभर पाणी उकळेल.

भाचा काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "रंग तरी?"

पॅडचं प्रकरण याहून वाईट. डिस्क निदान डोळ्यांना दिसते, पॅडमध्ये मसाला काय घातलाय ते घालणाऱ्यालाच ठाऊक. एका इंग्रज कंपनीने तर गुण रंगांवर वाटलेत. ईबीसीचे पॅड हिरवे, लाल, पिवळे, निळे, आणि प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा. त्यावर घर्षणाच्या प्रतीची अक्षरं. 'ई' म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, 'एफ' 0.35 ते 0.45, 'जी' 0.45 ते 0.55. पॅडच्या पाठीवर अशी दोन अक्षरं छापतात, पहिलं गार असतानाचं, दुसरं तापल्यावरचं. 'एफएफ' हा रस्त्यावरच्या गाडीसाठी सज्जन, भरवशाचा पॅड. पण आयुष्यभर गुणपत्रिकेत एफ म्हणजे नापास असंच वाचलेल्या माणसाला दोन्ही विषयांत नापास झालेला माल पैसे मोजून घरी न्यायला जड जातं.

शर्यतीचा पॅड घ्यावा, तर तो गारठ्यात काम करत नाही. त्याला आधी तापवायला लागतं, तोवर तो नुसताच लाकडासारखा घासतो. सकाळी घरातून निघून मी पहिला ब्रेक मारतो तो वाड्याच्या वळणावर बसलेल्या गाईसाठी. पावसाळ्यात सगळ्या गाई डांबरावर येऊन बसतात. 'जरा थांब माउली, पॅड तापू देत,' असं तिला सांगायची सोय नाही. शिवाय हे पॅड किंचाळतात. शेजारचा कुत्रा आधीच माझ्यावर खार खाऊन आहे. मेटलचे पॅड काळी पूड सोडतात, ती ओल्या हवेत अलॉयला चिकटून तांबडी होते आणि मग दात घासायच्या ब्रशाने काढावी लागते. सिरॅमिकची पूड कमी, आवाज कमी, पण चावाही थोडा मवाळ. युरोपात आर 90 नावाचा नियम आहे. बदली पॅडचं वागणं मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आतबाहेर राहिलं पाहिजे. हा नियम वाचून मला पहिल्यांदाच कुणीतरी वडीलधारं भेटल्यासारखं वाटलं.

खरे वडीलधारे शेजारी राहतात. गोव्याच्या सरकारी 'कदंब' बससेवेचे निवृत्त ड्रायव्हर, अनमोड आणि चोर्ला घाटांत हयात गेलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि विचारलं, "घाटात उतरताना कितवा गिअर असतो तुझा?"

"ऑटोमॅटिक आहे, काका."

"मग त्यालाच विचार कुठले पॅड घालायचे ते."

पण त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. उतारावर गिअर खाली टाकला नाही आणि पाय सतत पेडलवर ठेवला, तर जगातला कुठलाही पॅड कधीतरी हात टेकतोच. पॅड तापून निकामी झाला तर पेडल घट्ट लागतं आणि गाडी ऐकत नाही. पेडलचा दाब चाकापर्यंत पोचवणारं ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ होऊन थेट तळाला जातं. दुसरा प्रकार त्यांनी एकदाच अनुभवलाय, म्हणाले, आणि तो त्यांच्या स्वतःच्या जुन्या गाडीत. नंतर पुन्हा सुपारी कातरू लागले.

ब्रेक ऑइल हा या सगळ्या वाटाघाटीत कुणीच न विचारलेला पाहुणा. चाकाच्या आरांतून ते दिसत नाही, त्याला रंग देता येत नाही, म्हणून भाच्याला त्यात रस नाही. मिरग लागला की आमच्याकडे बरणीतल्या मिठाचं जे होतं तेच टाकीतल्या ब्रेक ऑइलचं होतं. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. तेच पाणी प्यायलं की ही हमी 155 वर येते. म्हणजे हजारोंचे पॅड आणि डिस्क घालून बसायचं आणि घाटात दगा देणार ते दोन-तीन पावसाळे न बदललेलं, काळपट पडलेलं, सगळ्यात स्वस्त ऑइल. मेस्ताने बाटलीत काढलेलं माझ्या गाडीचं ऑइल कोरा चहा म्हणून खपलं असतं.

शेवटी निकाल लागला तो स्वयंपाकघरात. बायको सहकारी बँकेत कर्जविभागात आहे, फाइल कशी वाचायची तिला बरोबर कळतं. मी चार कोटेशनं ओट्यावर मांडली. (आकडे इथे देत नाही, ती मराठी वाचते आणि चारातली दोनच तिने पाहिली आहेत.)

"म्हणजे एवढे पैसे गाडी हळू करायला?"

"थांबवायला."

"आणि तू सगळ्यात जास्त ब्रेक मारतोस कुठे?"

मी खरं उत्तर दिलं. फोंड्याचा बाजार, म्हार्दोळचे गतिरोधक, बाणस्तारीची रांग, आणि पणजीत पार्किंग शोधताना दर दहा फुटांवर.

"मग?" ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

साध्या सपाट डिस्क आल्या. गंजू नये म्हणून सगळीकडे राखाडी लेप दिलेला. पॅड फिरतो तेवढ्या पट्ट्यावरचा लेप पहिल्याच दिवशी खरवडला जातो, म्हणजे लोकांना दिसतं नेमकं तिथेच गंज चढायला मोकळीक. पावसात एक रात्र गाडी उभी राहिली की सकाळी डिस्क शेंदरी. पहिल्या दोन ब्रेकना खर्रऽऽ आवाज होतो, मग लख्ख. सासरेबुवा मात्र अजून फोनवर विचारतात, "गंजली म्हणे गाडी?" पॅड एफएफ, आर 90 वाले. ऑइल नवं डॉट 4. आणि कॅलिपरला लाल रंग. घरात शांतता राहावी म्हणून.

एवढ्याने संपत नाही. नवे पॅड 'बसवावे' लागतात. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढावा म्हणून गाडी ताशी 80 वर न्यायची, दाबून 20 वर आणायची, पुन्हा 80, पुन्हा 20, असं आठ-दहा वेळा. मुख्य अट, मध्ये पूर्ण थांबायचं नाही. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला तर त्याचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थडथडत राहतं. नंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी गार करायची. गोव्यात ब्रेक न लावता काही किलोमीटर. हे लिहिणाऱ्याने गोवा पाहिलेला नसणार.

रविवारी पहाटे वेर्ण्याच्या पठारावर गेलो. रस्ता रिकामा, मागे कुणी नाही, पुढे फक्त एका थांब्यापाशी रात्रपाळी संपवून उभा असलेला एक सिक्युरिटी गार्ड. मी 80 वरून 20 वर आलो ते नेमकं त्याच्यासमोर. त्याने डबा उचलला, हसला, दोन पावलं पुढे आला. मी गाडी सोडली. वळसा घालून परत आलो, पुन्हा तिथेच 20. या वेळी तो धावला. मी पुन्हा सुटलो. आरशात त्याचे हात हवेत दिसले. थांबावं तर ठसा उमटणार, काच खाली करून समजवावं तर ताशी वीसच्या वेगात घर्षणाचा थर कसा समजवायचा? मी नुसतं ओरडलो, "ब्रेक! ब्रेक!" त्याचा अर्थ त्याने वेगळाच घेतला आणि चटकन कुंपणावर चढला.

पॅडचा जळका वास सुटला, चाकांतून थोडा धूर आला. म्हणजे बसले. मी लांबचा फेरा मारून गाडी गार केली आणि या खेपेला अलगद त्याच्यासमोर उभी केली. तो कुंपणावरून उतरला, चाकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बोरीमेरेन सोडशी?"

सोडला. वाटेत मी त्याला पॅड, थर, ठसा, सगळं नीट समजावलं. त्याने मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. बोरीला उतरला, दार जपून लावलं, आणि खिडकीत वाकून म्हणाला, "फाल्यां (उद्या) ह्याच वेळार येतलो न्हय?"