प्रोग्रामची चूक लपवायला शिकवणाऱ्या 'सुवर्णनियमां'ना उत्तर

सोलापुरात पीएचडी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'नवसंशोधकांसाठी पाच सुवर्णनियम'. थोडक्यात तो असा: पेपर छापून आल्यावर प्रोग्राममध्ये चूक सापडली तर गप्प बसा, कबूल केलीत की करिअर संपलं. रेफरींनी, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, पेपर पास केला म्हणजे कोड बरोबर. बारीकसारीक चुकांनी निष्कर्ष बदलत नाहीत. सीनियरचा प्रोग्राम वापरला असेल तर जबाबदारी त्याची. आणि आपला कोड कुणालाही देऊ नका.

एरवी असलं काही आलं की मी न वाचता पुसून टाकते. हा मात्र माझ्या भाचीनं पाठवला आणि खाली विचारलं, "आत्या, मग मी गप्प बसू का?" तिचं काम जिल्ह्यातल्या पावसावर आहे. पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदींत मधले दिवस गहाळ असतात. तिच्या प्रोग्रामनं त्या रिकाम्या जागा शून्य धरल्या, म्हणजे नोंद नाही तिथे पाऊसच पडला नाही असं झालं. सांगोला-मंगळवेढ्याकडे कोरडे दिवस एवढे असतात की आणखी थोडे शून्य कुणाच्या डोळ्यांत आले नाहीत. ज्या केंद्राचं रजिस्टर नीट ठेवलेलं नाही, तो भाग जास्त दुष्काळी दिसू लागला. पेपर छापून आलाय. तिला मी लगेच सांगितलं, गप्प बसायचं नाही. आता हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांसाठी लिहिते.

आधी तिसरा नियम घेते, कारण पाचांत सगळ्यात घातक तोच आहे. बारीक चुकीनं निष्कर्ष बदलत नाहीत म्हणे! २०१८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 'जामा' या जर्नलमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांचा एक पेपर आला. सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे २४० रुग्ण. निम्म्यांना परिचारिकांकडून तीन महिने खास मार्गदर्शन, निम्म्यांना नेहमीची सेवा. निष्कर्ष असा की मार्गदर्शन मिळालेल्यांना पुन्हा दवाखान्यात यावं लागण्याचं प्रमाण कमी झालं. पुढचं विश्लेषण करताना त्याच संशोधकांच्या लक्षात आलं की कोडमध्ये दोन्ही गटांची ओळख उलटी लागली आहे. खरा आकडा असा होता: सहा महिन्यांत दर रुग्णामागे अ‍ॅडमिट होण्याच्या किंवा तातडीच्या विभागात येण्याच्या घटना मार्गदर्शनाच्या गटात १.४० आणि नेहमीच्या गटात ०.७२. जो उपाय तारतो असं छापलं होतं, त्याच उपायाच्या गटात त्रास जवळपास दुप्पट निघाला.

किती ओळींची चूक होती? गटाला कुठला आकडा द्यायचा, एवढीच. प्रोग्राम अडला नाही, लाल अक्षरांत काही आलं नाही, तक्ते सुबक निघाले. कोडमधल्या चुकीचा आकार ओळी मोजून कळत नाही. दुरुस्त करून सगळं पुन्हा चालवल्यावरच निष्कर्ष हलला की नाही ते कळतं. मग न चालवताच 'बारीक आहे' हे कशावरून ठरवलंत? उद्या डाळिंबावरच्या तेल्याच्या चाचणीत फवारलेली आणि न फवारलेली झाडं अशीच अदलाबदल झाली, तर शेतकरी त्या पेपरच्या भरवशावर औषधाला पैसे घालेल. त्याला कोण सांगणार, की चूक बारीक होती?

'जामा'नं २०१९ मध्ये तो पेपर मागे घेतला आणि दुरुस्त पेपर छापला. त्याच जर्नलमध्ये, त्याच संशोधकांचा. रेफरींना कोडमधली ही उलथापालथ दिसली नव्हती, कारण रेफरी पेपर वाचतात, बहुतेक वेळा कोड चालवून बघत नाहीत. दुसरा नियम इथेच निकालात निघतो.

करिअरबद्दलच्या भीतीत थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. रिट्रॅक्शन, म्हणजे पेपर मागे घेणं, हा शब्द दिसला की मुलाखत घ्यायला बसलेली मंडळी लबाडी आणि प्रामाणिक चूक यांत फरक करायचे कष्ट घेत नाहीत. काही गाइड तर मुलांवरच भडकतात. पण हा दोष त्या मंडळींचा आहे, आणि लपवालपवीनं तो वाढतोच. शिवाय कबुलीनं करिअर संपतंच, हे खोटं आहे. जेफ्री चँग या प्रथिनांच्या रचनेवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतल्या एका प्रोग्राममध्ये डेटाचे दोन कॉलम उलटे झाले होते. २००६ मध्ये चूक उघड झाल्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाच पेपर मागे घेतले, त्यांतले तीन 'सायन्स' या जर्नलमधले. २००९ मध्ये त्यांच्या गटाचा नवा पेपर त्याच 'सायन्स'मध्ये आला.

तो प्रोग्रामही दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेला होता. पेपर मात्र चँग यांचेच मागे घ्यावे लागले. सीनियरच्या नावावर जबाबदारी ढकलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोड न देण्याचा नियम राहिला. छापून येण्याआधी कुणी काम उचलेल ही धास्ती मला मान्य आहे. छापून आल्यावर कसली धास्ती? राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी आपल्या पेपरची एक्सेलची फाइल थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला दिली, म्हणून २०१३ मध्ये कळलं की विकासदराची सरासरी काढताना पाच देश सूत्राबाहेरच राहिले होते. तोवर सरकारी कर्ज आणि विकासदराच्या वादात त्या पेपरचे दाखले जगभर दिले जात होते.

ज्यांना चूक सापडली आहे, त्यांनी जुना कोड पुसू नये, बाजूला ठेवावा. दुरुस्त कोड चालवून जुने आणि नवे आकडे एका तक्त्यात मांडावेत. आधी गाइडना आणि सहलेखकांना दाखवावेत, मग संपादकांना पत्र लिहावं: चूक कुठे होती, कशी सापडली, कुठला निष्कर्ष टिकला, कुठला नाही. आणि गाइड मंडळींनी हे पत्र विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावानं जाऊ देऊ नये. पेपरवर त्यांचंही नाव आहे, पत्राखाली त्यांचीही सही हवी.