‘पाच मिनिटांचं काम’ या रिव्ह्यूला सायकल दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. शनिवारी संध्याकाळी तुम्हाला खोळंबावं लागलं, गर्दीत बसायला स्टूलही मिळालं नाही, त्याबद्दल माफी मागतो.

आता बाकीचं. तुम्ही लिहिलंय, “दोन टायर घालायला दोन तास आणि ६०० रुपये. पाच मिनिटांचं काम. आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ५० रुपयांत करून देतो. मुलगा शिकाऊ होता. हवासुद्धा कमी भरली.” पैशांबद्दल मी काही बोलणार नाही. दर भिंतीवर लिहिलेला आहे आणि कामाला हात लावायच्या आधी तुम्हाला सांगितलाही होता. पण ते ‘पाच मिनिटांचं काम’ काही डोक्यातून जात नाही. नवीन गिऱ्हाईक दुकानात यायच्या आधी हेच वाचतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दोन तासांतला पाऊण तास तुमचा नंबर यायची वाट बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड होती आणि अर्ध्या पुण्याला टायर, केबल, ब्रेक पॅड हे सगळं आदल्या संध्याकाळीच आठवतं. साडेतेरा तासांची मुदत असलेल्या राइडला कोरा टायर आदल्या रात्री घालू नये असं माझं मत आहे. पण ते तुम्ही विचारलं नव्हतंत.

मागचं चाक आमच्याकडे आलं तेव्हा टायर जवळजवळ चढलेला होता, फक्त एका बाजूची वीतभर कड बाहेर होती. “घरी ट्राय केलंय, शेवटचं तेवढं दाबून द्या,” असं तुम्ही म्हणालात. ट्यूब कालचीच, कोरी आहे, असंही म्हणालात. आमच्या पोराने ते शेवटचं तेवढं दाबून दिलं, हवा भरली, आणि ती लगेच निघून गेली. म्हणजे आता तोच टायर उतरवायचा, आणि घट्ट टायर चढवण्यापेक्षा उतरवणं जास्त जिवावर येतं, कारण हवा भरल्यावर कड रिमच्या बाजूला घट्ट जाऊन बसलेली असते. ट्यूब बाहेर काढली तर तिला शेजारी शेजारी दोन चिरा, स्क्रूड्रायव्हरच्या पात्याएवढ्या. घरी कशाने ट्राय केलं होतंत ते तुम्ही सांगितलं नव्हतंत. मीही तेव्हा चारचौघांत बोललो नाही. तुम्ही चारचौघांत लिहिलंत म्हणून आज बोलतोय.

तुमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याबद्दल मला आदर आहे. माझे वडील तेच काम करायचे, याच गाळ्यात. तेव्हा दुकानात काळ्या अ‍ॅटलस-हिरो सायकली यायच्या, २८ बाय दीडचा टायर, कडेला तार, स्टीलचं रिम, टायर टेकतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. तो टायर वडील एका हातात चहाचा ग्लास धरून चढवायचे. तुमच्या टायरवर २८-६२२ लिहिलंय. रुंदी २८ मिलिमीटर, आणि कड रिमवर जिथे टेकते तिथला व्यास ६२२. आकडा जवळपास सगळ्या रोड बाइकना तोच असतो, पण बसण्यात जमीन-अस्मानाचा फरक. तुमचा टायर ट्यूबलेसवालाही आहे, म्हणजे ट्यूबशिवायही चालणारा. ट्यूब नसताना हवा धरून ठेवायची म्हणजे कडेतला दोरा जराही ताणून चालत नाही. वर तुमचं रिम हूकलेस, म्हणजे काठाला आत वळवलेली आकडी नाही. टायरला जागेवर धरून ठेवणारं जे काही आहे ते म्हणजे त्या कडेचा घट्टपणा. तो टायर सैल असता तर मीच घालून दिला नसता.

कासार बांगडी भरतो तेव्हा बांगडी मोठी होत नाही, हात दाबून लहान करावा लागतो. इथेही तसंच. रिमच्या आत मधोमध एक खोलगट खाच असते. टायरची कड गोलभर त्या खाचेत उतरवली की तिथला घेर कमी पडतो आणि वाचलेली ढील शेवटच्या तुकड्याला मिळते. तेवढ्यावरच सगळा खेळ. तुमच्या चाकात ती खाच जवळपास बुजलेली होती. चाकं सेकंडहँड घेतली असं तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत. आधीच्या माणसाने रिमच्या आत असते त्या ट्यूबलेसच्या पातळ पट्टीवर जाड कापडी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीची जाडी अर्धा मिलिमीटर वाढली तर ऐकायला काहीच वाटत नाही, पण घेरात तीन मिलिमीटरहून जास्त जातात. व्यासात दोन्ही बाजू धरायच्या आणि पायने गुणायचं, शाळेतलंच गणित आहे. टायर चढवताना ते तीन मिलिमीटर म्हणजे सगळं काही.

हे त्या ‘शिकाऊ’ मुलाने ओळखलं. मी नाही, मी तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा गिअर लावत होतो. त्याने कापडी पट्टी सोलून काढली, चिकटा साफ केला, खालची पातळ पट्टी नीट आहे ना ते बघितलं. त्यात वीस-पंचवीस मिनिटं गेली. दुसऱ्या चाकाचंही तेच. मग नव्या ट्यूबला दोन पंप हवा मारून आकार दिला, व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरुवात केली, दोन्ही हातांनी कड खाचेत दाबत दाबत व्हॉल्व्हपाशी संपवलं. संपवायचं व्हॉल्व्हपाशीच, कारण तिथे ट्यूबचा देठ मध्ये येतो आणि कड खाचेत उतरतच नाही. बरेच जण घरी उलटं करतात आणि मग अंगठे सोलून घेतात. शेवटच्या चार बोटं कडेला साबणाचं पाणी लावलं, तळहाताच्या टाचेने ढकललं, व्हॉल्व्ह एकदा आत दाबून ट्यूब कडेखाली अडकली नाही ना ते पाहिलं. टायर उचकटायचा लिव्हर लागलाच नाही.

“टॉमी घाला आणि ओढा, वेळ नाहीये,” असं तुम्ही दोनदा म्हणालात. टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, ट्रकच्या टायरला. तुमचं रिम कार्बनचं आहे. त्याच्या काठावर लोखंड टेकवून जोर दिला आणि तडा गेला, तर हाच रिव्ह्यू तुम्ही रिमच्या फोटोसकट लिहिला असता, आणि तेव्हा मी उत्तरही दिलं नसतं. आणखी एक. खंबाटकीत किंवा कुठल्याही घाटात तुमचं चाक पंक्चर झालं तर टायर तुम्हालाच काढून घालायचा आहे, आमचा पोरगा तिथे नसणार. म्हणूनच तो तुम्हाला “एकदा हात लावून बघा” म्हणत होता. तुम्ही फोनवर होतात.

राहिली हवा. “मी कायम १०० भरतो, यांनी ७० वर सोडली.” सर, हूकलेस रिमला कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय. त्याच्या वर टायर रिमवरून निसटू शकतो, उतारावर निसटला तर काय होतं ते लिहायची गरज नाही. ७० ही कमी हवा नाही, तुमच्या चाकाला जेवढी चालते तेवढी जवळजवळ सगळी आहे. घरी जाऊन १०० केली असेल तर कृपा करून आज उतरवा. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल.

त्या मुलाने तुमचा रिव्ह्यू वाचला. काही बोलला नाही, पण सोमवारी एका बाईंचा टायर चढवताना तीनदा घड्याळाकडे बघत होता. असं काम करायची त्याला सवय लागू नये. तुमच्या बीआरएमसाठी तो शनिवारी साडेनऊपर्यंत थांबला, दुकान साडेआठला बंद होतं. फुटलेल्या ट्यूबच्या बदल्यात नवी घातली तिचे पैसे आम्ही धरले नाहीत, हे बिल बघितलंत तर कळेल. ते लिहायचं बहुतेक राहून गेलं तुमच्याकडून.

सूचना मात्र घेतल्या आहेत. बीआरएमच्या आदल्या दिवशी नंबरांचं काहीतरी करतोय आणि बसायची सोयही बघतोय, गाळा लहान आहे पण बघतो. टायर बाहेरून आणलेला असेल तर किती वेळ लागेल ते आता आधीच सांगत जाऊ.

तुमचे जुने दोन टायर दुकानातच राहिलेत. मागचा संपलाय, पुढचा अजून चालेल, वाटल्यास घेऊन जा. चाकं सोबत आणलीत तर टायर कसा काढायचा-घालायचा ते मुलगा दाखवेल, त्याचे पैसे नाहीत. शनिवार सोडून कधीही या.