प्रशिक्षणात माझं काम फक्त स्वागतगीताचं

परवा परत एक प्रशिक्षण झालं, तीन दिवसांचं. आदल्या रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज, "संगीताच्या मॅडम, उद्या पेटी घेऊन जरा लवकर या, ईशस्तवन आणि स्वागतगीत तुमच्याकडं." म्हणजे बघा, मी प्रशिक्षणार्थी, माझी पण हजेरी लागणार, पण कार्यक्रम पण मीच करायचा. २१ वर्षं झाली मला सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत, आणि आजवर जेवढी म्हणून प्रशिक्षणं केली त्या सगळ्यात पहिली वीस मिनिटं मी स्टेजवर आणि उरलेले दिवस शेवटच्या बाकावर, चित्रकलेच्या सरांशेजारी. ते तिथं बसून सगळ्यांची स्केचेस काढतात. परवा माझं काढलं, जांभई देतानाचं.

विषय काय होता तर मूल्यमापन. विषय चांगला आहे हो, मी नाही म्हणत नाही. पण पीपीटीतली उदाहरणं सगळी गणित, विज्ञान आणि इंग्रजीची. मग गटकार्य. आमचा गट ठरलेला असतो, 'कला-क्रीडा'. त्यात मी, चित्रकलावाले, पीटीचे दोन सर आणि कार्यानुभवच्या एक मॅडम. चार्ट पेपर, स्केचपेन, चाळीस मिनिटं. मी विचारलं, साठ पोरांच्या वर्गात प्रत्येकाचा सूर तपासायचा कसा, एकेकाला गायला लावलं तर दोन महिने जातील आणि सगळ्यांना एकत्र लावलं तर कोण बेसूर तेच कळत नाही. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, मोठे सज्जन होते, विज्ञानाचे शिक्षक. म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे तुमच्या विषयाशी जोडून घ्या."

जोडून घ्या! २१ वर्षं मी जोडूनच घेतेय. बारा वर्षं भरली तेव्हा वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण केलं, तिथंही जोडून घेतलं, आता चोवीस भरली की निवड श्रेणीचं, ते केल्याशिवाय वेतनश्रेणी नाही, तिथंही जोडून घेईन. कोविडच्या काळात सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर शिक्षकांसाठीचे 'निष्ठा'चे कोर्स केले, त्यात एक मॉड्यूल कला-समेकित अध्ययनाचं होतं, मी म्हटलं चला आलं एकदाचं आपलं काहीतरी. तर ते कलेतून दुसरे विषय कसे शिकवायचे याचं. म्हणजे पाढे चालीत म्हणा, आवर्तसारणीचं गाणं करा. करा की, छानच आहे. पण गाणं गाण्यासारखं कसं शिकवायचं हे कुणी विचारणारच नाही का? नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, लिहिलंय की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. पन्नास तास म्हणजे माझे ३५ मिनिटांचे पंच्याऐंशी तास होतात हो! त्यातला एक तास तरी संगीताचा असू दे एवढीच मागणी.

आता मला नेमकं काय शिकायचंय ते सांगते, नाहीतर लोक म्हणतील मॅडम नुसत्या तक्रारी करतात.

आठवी ब.

ज्यांनी माध्यमिकला गाणं शिकवलंय त्यांना एवढ्यावर कळलं असेल. पाचवी-सहावीत पोरगं काळी पाचला, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, मजेत गातं, तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, काही कष्टच नाहीत, सातवीच्या शेवटी कधीतरी घाटी फुटते आणि आठवीत तोच मुलगा तोंड उघडतो तर एक सूर वर, एक खाली, मधेच नुसती हवा. वर्ग हसतो. तो पण हसतो, आणि त्यानंतर गात नाही. मुलग्यांचा आवाज या वयात साधारण एक सप्तक खाली उतरतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि हे एका दिवसात होत नाही, महिनोन् महिने चालतं, प्रत्येकाचं वेगळ्या वेळी. म्हणजे एकाच वर्गात तीन-चार प्रकारचे आवाज बसलेले असतात आणि मी काय करते, पेटीवर एक पट्टी धरते आणि म्हणते चला सगळ्यांनी, सा.

मी गाण्यातलं विशारद मिरजेत केलं, गुरुजींसमोर बसून. समोर एक विद्यार्थी, त्याला सोसेल ती पट्टी, तानपुरा त्यात लावलेला, चुकलं की तिथंच थांबायचं. गंधर्व मंडळाच्या परीक्षेलाही तुम्ही एकटे बसता, तुमच्या स्वतःच्या पट्टीत. त्या पद्धतीत पट्टीचा प्रश्नच येत नाही हो, प्रत्येकाला आपली मिळते. पण वर्गात साठ जणांना एक पट्टी द्यायची वेळ येते तेव्हा विशारदचं सर्टिफिकेट घडी घालून ठेवावं लागतं. मला हे कळायला किती वर्षं लागली सांगू? बारा.

आणि त्या बारा वर्षांत मी काय केलं ते पण लिहिते, कारण लाज वाटते त्याची. एक मुलगा होता, सहावी-सातवीत माझ्या समूहगीताच्या टीमचा मेन आवाज. आठवीत आवाज फुटला. तालुक्याची स्पर्धा आठ दिवसांवर, टीममधून काढलं तर त्याला वाईट वाटेल म्हणून मी त्याला म्हटलं, "तू उभा राहा मागच्या ओळीत, फक्त ओठ हलव." किती समजूतदारपणे म्हटलं होतं मी! त्यानं हलवले. आमचा दुसरा नंबर आला. त्यानंतर तो माझ्या तासाला कधी गायला नाही, नववीत नाही, दहावीत नाही. आता त्याचा साउंड सिस्टिमचा धंदा आहे, आमच्या गॅदरिंगला दरवर्षी तोच येतो, माझ्या माइकचा आवाज कुठं ठेवायचा ते त्याला न सांगता कळतं. तो विषय मी कधी काढला नाही. त्यानंही नाही.

हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की नाही? की आवाज फुटत असताना पोरानं गाणं बंद करायची काहीच गरज नसते, ओरडायचं नाही आणि त्याला झेपेल तेवढ्याच सुरांत ठेवायचं, बस. परदेशात शाळेतल्या कॉयरसाठी या बदलत्या आवाजांना 'कँबियाटा' असं वेगळं नाव आहे, त्यांच्यासाठी वेगळी ओळ लिहितात. हे मला यूट्यूबवर कळलं, रात्री अकरा वाजता. हंगेरीचे संगीतकार कोडाय यांच्या पद्धतीचे व्हिडिओ पण तिथंच बघितले, हातांच्या खुणांनी सूर दाखवतात आणि त्यांचा 'डो', म्हणजे आपला सा, कुठंही धरता येतो. मला हसूच आलं. अहो आपला षड्ज आधीपासूनच कुठंही धरता येतो! आपण मात्र शाळेत पोरांना पेटीच्या एका काळ्या पट्टीला दावणीसारखं बांधून ठेवलंय.

खरं शिकले ते वेगळ्याच ठिकाणी. चार वर्षांपूर्वी आम्ही आसपासचे पाच संगीत शिक्षक भेटायला लागलो, महिन्यातून एका शनिवारी, सकाळची शाळा संपली की. नियम एकच, ज्याच्या शाळेत भेटायचं त्यानं त्या दिवशी आपला एक तास आमच्यासमोर घ्यायचा, खऱ्या पोरांवर, आणि बाकीच्यांनी मागं बसून बघायचं. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा हात थरथरत होते हो, पेटीवर चुकीचं बोट पडलं. मी भूप राग घेत होते. तास संपल्यावर तबल्याचे एक सर, फार बोलत नाहीत ते, एवढंच म्हणाले, "तुमच्या अंतऱ्याला मागचे अकरा मुलगे गप्प होते." मोजले होते त्यांनी! २१ वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात उपयोगी प्रशिक्षण हे एक वाक्य आहे.

मग आम्ही त्या अकरा जणांवर दोन शनिवार घालवले. पट्टी काळी चार केली. मुली आणि आवाज न फुटलेले मुलगे अंतरा घेतात, तार षड्जाला जातात. आवाज फुटलेल्यांना तिकडे पाठवायचंच नाही, त्यांना मंद्र पंचमापासून मध्य मध्यमापर्यंत, म्हणजे खालच्या प पासून मधल्या म पर्यंत, त्या पट्टीत तेवढंच त्यांना आरामात जमतं. भूपात मध्यम आणि निषाद नाहीतच, म्हणजे प, ध, सा, रे, ग एवढंच उरलं. पाच सूर. त्यांची छोटीशी ओळ केली, मुखड्याचीच, ती ते खाली धरून ठेवतात आणि वर मुली गातात. पहिल्या वेळेला ते जुळलं तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली, पोरांना स्वतःलाच कळेना की हा भरदार आवाज येतोय कुठून. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "मॅडम, परत घ्या की." आठवी ब मधून 'परत घ्या' मी नोकरीत पहिल्यांदा ऐकलं.

दुसरा एक शनिवार हलगीचा. आमच्यातल्या एका सरांच्या वर्गात एक मुलगा काहीच गात नव्हता, पण बाकावर बोटं चालायची. घरची हलगी आहे, वडील वाजवतात, जत्रेत, मिरवणुकीत. सरांनी त्याला हलगी घेऊन ये म्हटलं तर तो आठ दिवस आलाच नाही शाळेत. कारण आपल्या गावात हलगी कोण वाजवतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि वर्गात ती आणणं म्हणजे काय हे त्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. शेवटी सर स्वतः त्याच्या वडिलांकडे गेले, म्हणाले मला शिकवा, आणि पुढच्या तासाला सरांनी आधी स्वतः वाजवली, वाईटच वाजवली म्हणे, पोरं हसली, तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "सर, अशी नसतीय." हे कुठल्या पीपीटीत बसवणार? पण शाळेत गाणं शिकवायचं म्हणजे हे सगळं येतं त्यात, नुसते कहरवा आणि दादरा हे ताल नाहीत.

आता लोक म्हणतात की संगीत शिक्षक आहेतच किती, त्यांच्यासाठी वेगळं प्रशिक्षण कसं परवडणार. बरोबर आहे, कमी आहोत. पदंच कमी, भरती नाही, कुठं अंशकालीन निदेशक, कुठं मराठीच्या मॅडमना 'तुमचा आवाज चांगला आहे' म्हणून संगीत दिलेलं. त्यावर लिहायला बसले तर दुसरी पोस्ट होईल. पण कमी आहोत म्हणूनच सोपं नाही का? दोन-तीन जिल्हे मिळून चाळीस जण गोळा करा, एका शाळेत चार दिवस, आणि मुलं हवीतच तिथं, खरी, आवाज फुटलेली मुलं. सकाळी एकानं शिकवायचं, दुपारी त्यावर बोलायचं. एखादा घशाचा डॉक्टर बोलवा तासाभरासाठी, पोरांच्या आवाजावर पण बोलेल आणि आमच्या पण, कारण रोज सहा तास गाऊन आणि ओरडून आमचे घसे पण गेलेलेच असतात. दिल्लीचं सीसीआरटी हे सरकारी केंद्र १९७९ पासून शिक्षकांसाठी कला-संस्कृतीची शिबिरं घेतंच की, आमच्यातल्या एक मॅडम जाऊन आल्या, खूश होत्या, पण तिथं सगळ्या विषयांचे शिक्षक असतात आणि सगळ्या कला असतात. मी बोलतेय ते आमच्या धंद्याबद्दल.

आणि हे काही मी नवीन सांगत नाहीये. आमच्याच भागातले गवई विष्णु दिगंबर पलुस्कर, कुरुंदवाडचे, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, त्यांनी १९०१ साली लाहोरला गंधर्व महाविद्यालय काढलं आणि तिथं चक्क उपदेशक वर्ग चालवला. गवई वेगळा आणि गाणं शिकवणारा वेगळा घडवावा लागतो, हे त्या माणसाला तेव्हा कळलं होतं. त्यांचे विद्यार्थी बाहेर पडून गावोगाव शाळा काढून बसले. संगीतकार वसंत देसाईंनी 'एक सूर एक ताल' म्हणत शाळेतल्या हजारो पोरांना एका वेळी गायला लावलं. तो काही नुसता उत्साह नव्हता, एवढ्या पोरांची पट्टी कुणीतरी डोकं लावून ठरवली असणार.

थोडं स्वतःकडे पण बघते. पाच वर्षांपूर्वी मला एकदा सुलभक म्हणून बोलावलं होतं, दोन तास, गाणी शिकवा म्हणून. मी सहा गाणी शिकवली, लोकांनी मोबाइलवर रेकॉर्ड केली, टाळ्या, गुलाबपुष्प, झालं. म्हणजे मी पण तेच केलं. आम्हा संगीत शिक्षकांनाच ती खोड आहे, नवीन देशभक्तीपर गाणं मिळालं की प्रशिक्षण वसूल. गाणी हवीतच, नाही कोण म्हणतंय, १५ ऑगस्ट तोंडावर आला की मी पण ग्रुपवर 'कुणाकडे नवीन आहे का' विचारतेच. पण परिपाठाला रोज जे म्हणतो तेच बघा ना, राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, कुणीतरी पाचवीतली मुलगी माइकवर उंच सुरात सुरू करते, शेवटच्या 'जय हे'ला अर्धी शाळा किंचाळते आणि मोठी मुलं गप्प. आम्ही आता आधी पेटीवर सूर देतो. एवढंच केलं, तर दहावीची मुलं गायला लागली. मुख्याध्यापक म्हणाले, "काय मॅडम, आवाज वाढला?" म्हटलं वाढला नाही सर, खाली घेतला.

असो, फार लांबलं. या महिन्याचा आमचा शनिवार माझ्याच शाळेत आहे, आठवी ब वर. सांगली-कोल्हापूर भागातल्या कुणा संगीत शिक्षकांना यायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, मेसेज करते. सर्टिफिकेट मिळणार नाही आणि तास धरले जाणार नाहीत. चहा आहे, पेटी आहे, तिची एक रीड पावसानं बसलीय, मध्य सप्तकातला कोमल निषाद, तेवढा भूपात लागत नाही.