‘रोज दहा शब्द पाठ करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्यातले दोन पालकांचे, एक माजी विद्यार्थ्यांचा आणि एक चक्क आमच्या भिशीचा. मेसेजचा मथितार्थ असा: मुलांचा शब्दसंग्रह वाढवायचा तर रोज दहा शब्द अर्थासकट पाठ करून घ्या, दहा गुणिले ३६५, म्हणजे वर्षाला ३,६५० शब्द. पेपर आणि गोष्टी वाचून शब्द येत नाहीत, वेळ जातो. अंदाजानं अर्थ लावू देऊ नका, चुकीचा अर्थ डोक्यात कायमचा बसतो. शब्द अडला की तिथंच थांबवून शब्दकोश उघडायला लावा.

असले मेसेज मी एरवी वाचून पुढे जाते. या वेळी लिहायला बसले, कारण सांगलीत गावभागातल्या माझ्या घरी दुपारी सात-आठ मुलं वाचायला येतात, आणि त्यातल्या एका मुलीला आईनं पाठवणं बंद केलं. आता ती घरी बसून वहीत दहा शब्द लिहिते. आईचा हेतू चांगलाच आहे, तिला मुलीचं भलंच हवं आहे. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे, म्हणून एकेक घेते.

पहिलं, तो ३,६५० चा गुणाकार. त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: आज पाठ झालेला शब्द वर्षअखेरीपर्यंत जागचा हलणार नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं हीच गोष्ट स्वतःवर तपासून पाहिली आणि १८८५ साली प्रसिद्ध केली. त्यानं काहीही अर्थ नसलेले अक्षरगट पाठ केले आणि किती टिकतात ते मोजलं. तासाभरात निम्म्याहून जास्त गेलं होतं, दिवसाभरात सुमारे दोन तृतीयांश. त्याचे अक्षरगट मुद्दाम निरर्थक निवडलेले होते हे खरं. पण दहा वर्षांच्या पोरापुढे ‘उपरोध, औदार्य, अनास्था, अवहेलना’ अशी यादी ठेवली, तर त्याच्या दृष्टीनं तेही निरर्थक अक्षरगटच असतात. चारही स्वरांवरून सुरू होणारे, चारही कुठं न पाहिलेले. शुक्रवारच्या चाचणीपुरते राहतात आणि सोमवारी एकमेकांत मिसळून जातात. एबिंगहाउसनंच दुसरंही दाखवलं होतं: तीच गोष्ट थोडी थोडी, दिवसांचं अंतर ठेवून परत परत समोर आली तर जास्त टिकते. यादीत ही सोय नसते, कारण उद्या दुसरे दहा शब्द असतात.

यादीची दुसरी अडचण खास मराठीची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. यादीत शब्द ‘सांडवा’ असा येतो. पेपरात तो असा क्वचितच भेटतो. तिथं असतं ‘सांडव्यावरून’, ‘सांडव्यातून’, ‘सांडव्याचे’. आपल्या भाषेत प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं रूपच बदलतं. ‘सांडवा म्हणजे धरणातलं जादा पाणी बाहेर जाण्याची वाट’ हे धडाधड म्हणणारा मुलगा ‘सांडव्यावरून’ समोर आल्यावर गप्प बसलेला मी पाहिला आहे. त्याला शब्द येत होता, ओळखता येत नव्हता. ही ओळख वाचून वाचूनच होते, कारण बदललेली रूपं फक्त वाक्यांत राहतात.

आता सगळ्यात मोठा दावा: वाचून शब्द येत नाहीत.

इथं मला प्रामाणिकपणे एक कबूल करायचं आहे. एकदा वाचून शब्द फारसे येत नाहीत हे खरं आहे. विल्यम नेगी, रिचर्ड अँडरसन आणि पॅट्रिशिया हर्मन या अमेरिकन संशोधकांनी १९८७ साली शाळकरी मुलांवर मोजून सांगितलं, की वाचताना भेटलेल्या अनोळखी वीस शब्दांतला साधारण एक मुलं उचलतात. पुढं १९९९ मध्ये अशा वीस प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला, त्यात हे प्रमाण शंभरात सुमारे पंधरा निघालं. कमीच आहे. मेसेज लिहिणारे हाच आकडा बघून म्हणतील, झालं की सिद्ध!

पण नेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा हिशोबही मांडला होता. मूल दिवसाला पंचवीसेक मिनिटं वाचत असेल, तर वर्षात दहा लाखांच्या आसपास शब्द नजरेखालून जातात. त्यात अनोळखी शब्द पंधरा ते तीस हजार वेळा भेटतात. वीसात एक धरला तरी वर्षाला साडेसातशे ते दीड हजार शब्द होतात, आणि तेही न घोकता. मोजणी इंग्रजी वाचणाऱ्या मुलांची आहे. मराठीत शब्दाची इतकी रूपं होतात की आकडे जसेच्या तसे लागू करणार नाही. पण शब्द कसा शिकला जातो ते त्यातून कळतं. पहिल्या भेटीत नुसता चेहरा ओळखीचा होतो, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तो कुठं असतो, कुणाबरोबर असतो ते कळतं, आणि मग कधीतरी तो आपला होतो.

माझ्या डोळ्यांदेखत झालेलं उदाहरण ‘आवक’चं. पाचवीतल्या एका मुलाला बाजारभावांचं पान आवडतं, कारण त्याचे वडील मार्केट यार्डात तोलाईचं काम करतात. तिथं ‘हळदीची आवक घटली’ असं त्यानं वाचलं आणि मला म्हणाला, “आवक म्हणजे भाव ना?” मी काही बोलले नाही. पावसाळ्यात पहिल्या पानावर आलं, कोयना धरणात पाण्याची आवक वाढली. “पाण्याला कुठं भाव असतो?” हे त्याचं त्यानंच विचारलं. मग काही दिवसांनी शाळेच्या कार्यालयात टेबलावर ‘आवक-जावक नोंदवही’ दिसली आणि तो धावत सांगायला आला. आवक म्हणजे येणं! हळद येते, पाणी येतं, टपाल येतं. तीन भेटींत त्या मुलानं या शब्दाचा तळ गाठला. ‘आवक – बाजारात आलेला माल’ असं पाठ केलं असतं तर धरणाच्या बातमीत तो अडखळला असता.

याच गोष्टीनं मेसेजचा तिसरा दावा सुटतो, तो म्हणजे चुकीचा अर्थ कायमचा बसतो हा. चुकीचा अर्थ बसतो, हे खरं. ‘कायमचा’ हे खरं नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराची काही कात्रणं मी जपून ठेवली आहेत. त्या वेळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. इथं इशारा पातळी चाळीस फुटांची आणि धोक्याची पंचेचाळीस, तेव्हा काय झालं असेल ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. एका बातमीत पाणी ओसरू लागल्यानं स्थलांतरित कुटुंबं घरी परतू लागली, अशा अर्थाचं वाक्य होतं. वाचणारी मुलगी म्हणाली, “ओसरलं म्हणजे पसरलं.” ओसरणं, पसरणं, कानाला सारखंच लागतं, आणि पाणी पसरतंच की. तिनं वाक्य पुढं वाचलं आणि थांबली. परत मागं गेली. बोटानं ‘परतू’वर टकटक केली. “पाणी पसरलं तर माणसं घरी कशी येतील?” मी म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, “मग कमी झालं असणार.”

त्या टकटकीत तिनं जे केलं ते कुठल्याच यादीत होत नाही. स्वतःचा अंदाज तिनं स्वतःच खोडला. पुढच्या महिन्याभरात तिला ताप ओसरल्याचं वाक्य भेटलं, गर्दी ओसरल्याचं भेटलं, आणि प्रत्येक वेळी तिनं मला ते दाखवलं. त्याच वाक्यातल्या ‘स्थलांतर’ची तिनं ‘भाषांतर’ आणि ‘वेषांतर’शी जोडी लावली, हे वरची मिळकत.

सगळीच वाक्यं इतकी मदत करत नाहीत, हेही सांगायला हवं. इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं, की काही संदर्भ शब्दाचा अर्थ उघड करतात, काही काहीच सांगत नाहीत आणि काही चक्क उलटी दिशा दाखवतात. म्हणून शेजारी कुणीतरी मोठं माणूस असावं. पण उपाय म्हणून अंदाज बंद करणं म्हणजे पोर पडेल म्हणून त्याला चालूच न देणं.

चौथं, शब्द अडला की थांबा आणि कोश उघडा. शब्दकोशावर माझं फार प्रेम आहे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा १९३२ पासून निघालेला महाराष्ट्र शब्दकोश आज फोनवर फुकट पाहता येतात, ही मराठी माणसाची मोठी श्रीमंती आहे. पण प्रत्येक शब्दाला थांबलं की गोष्ट मरते. वाड्याचं दार उघडायच्या क्षणी पोराला ‘अडसर’ शोधायला लावलं, तर दारामागं काय होतं हे जाणून घ्यायची त्याची इच्छाच जाते, आणि त्या इच्छेवरच तर सगळं वाचन चालतं. शिवाय कोशात ‘अडसराला’ सापडत नाही. मूळ रूप काय ते आधी ओळखावं लागतं, म्हणजे निम्मी लढाई वाचनानंच आधी जिंकलेली असावी लागते.

माझा क्रम उलटा आहे. आधी वाचा, अंदाज करा, खुणेची रेघ मारा. संपल्यावर ज्या शब्दाबद्दल कुतूहल राहिलं असेल तोच कोशात बघा. कोशानं दिलेला अर्थ तेव्हा कसा चिकटतो, ते ‘पेव’नं मला दाखवलं.

एका बातमीत ‘शहरात क्लासेसचं पेव फुटलं आहे’ असं वाक्य होतं. मुलांनी अर्थ बरोबर लावला, खूप झालेत. पण एकीनं विचारलं, पेव फुटतं म्हणजे काय फुगा असतो का? कोशात पाहिलं तर पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. आणि ज्यांच्या घरापासून हरिपूर हाकेच्या अंतरावर आहे, त्या मुलांना हे माहीत नव्हतं! कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या हरिपुरात सांगलीची हळद पिढ्यान्‌पिढ्या अशाच पेवांत राहिली. वर तोंड अरुंद, आत पोट मोठं, तोंड मातीनं लिंपून बंद. आत हवा नसल्यानं हळदीला कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात यातल्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं. एका मुलाचे आजोबा पूर्वी पेवांवर हमाली करायचे. ते येऊन बसले आणि त्यांनी सांगितलं, की पेव उघडल्या उघडल्या आत कुणी उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूस जिवाला मुकतो. मुलं गप्प होऊन ऐकत होती. साठवण दडलेली असते आणि तोंड फुटलं की एकदम बाहेर येते, म्हणून पेव फुटणं. त्या दिवसानंतर तो वाक्प्रचार कुणाला परत समजावून सांगावा लागलेला नाही.

हा सगळा प्रवास एका कंटाळवाण्या बातमीपासून सुरू झाला होता. पेपर वाचून वेळ जातो म्हणणाऱ्यांना मी हे दाखवू इच्छिते.

एक अट मात्र आहे आणि वाचनाची बाजू घेणारे लोक ती सांगायला विसरतात. मजकूर आवाक्यातला हवा. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी यांनी २००० साली केलेल्या अभ्यासात आढळलं, की एकट्यानं वाचून नीट समजायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच अनोळखी. पानाला वीस-पंचवीस अडायला लागले तर ते पुस्तक वर्षभर बाजूला ठेवा, मुलाला काही कमी लेखू नका. चौथीतल्या मुलाच्या हाती संपादकीय देऊन ‘वाचनानं काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या पालकांची चूक इथं होते.

मेसेजखाली कुणीतरी लिहिलं होतं, अर्थ फोनवर मिळतो, डोक्यात कशाला ठेवायचे शब्द? थोडक्यात सांगते. पावसाळ्यात रात्री उशिरा निरोप येतो, कोयनेतून विसर्ग वाढवला, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. व्याकरणातले दोन टिंबांचे विसर्ग तेवढे माहीत असलेल्या मुलाला तो कळत नाही. विसर्ग म्हणजे सोडणं; ज्या धातूपासून विसर्जन आलं त्याच धातूपासून तो आला. दर वर्षी कृष्णेवर गणपती सोडणाऱ्या मुलांना हे एकदा जुळलं की निरोप वाचताक्षणी कळतं, पाणी सोडलंय, सामान वर चढवायचंय. तेव्हा फोनवर अर्थ शोधत बसायला वेळ नसतो.

पाठांतराला माझा सरसकट विरोध नाही. विज्ञानाच्या परिभाषा, वृत्तांची नावं पाठच करावी लागतात. वहीलाही नाही. माझ्याकडची मुलं वही ठेवतात, फक्त शब्द तीनदा भेटल्याशिवाय त्यात लिहायचा नाही, आणि अर्थाऐवजी तो जिथं भेटला ती तीन वाक्यं लिहायची. घरी दहा शब्द लिहिणाऱ्या त्या मुलीच्या आईला मी परवा हेच सांगून आले: वही राहू द्या, पेपर परत द्या, आणि ती वाचताना मोठ्यानं काही विचारत असेल तर लगेच उत्तर देऊ नका.