मायनस अठ्ठावीस

एरर आली तर पुढे काय, हे लिहायचा प्रोग्रामर मंडळींना मनापासून कंटाळा. फाइल उघडली, वाचली, लिहिली, बंद केली, एवढं सगळं हौसेने लिहून होतं. ती उघडलीच नाही तर काय, इथवर येईपर्यंत शुक्रवारची संध्याकाळ झालेली असते. मग तिथे घाईघाईत एक 'रिटर्न', म्हणजे काम सोडून परत फिरायचा हुकूम, टाकून माणूस घरी जातो, आणि ते निस्तरायला मी नाशकात बसतो.

त्यातही माझ्या वाट्याला आलाय तो आडवळणाचा प्रांत: व्हर्च्युअल मशीनचे शेअर्ड फोल्डर. खरा संगणक तो होस्ट, त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला तो गेस्ट, आणि दोघांत सामाईक एक फोल्डर. गेस्टला वाटतं, फोल्डर आपलाच. प्रत्यक्षात त्याची प्रत्येक मागणी निरोप होऊन होस्टकडे जाते, होस्ट खऱ्या डिस्कवर काय ते करतो आणि उत्तर धाडतो. जमलं नाही की उणे आकडा. उणे २ म्हणजे फाइल नाही, उणे १३ म्हणजे परवानगी नाही, उणे ५ म्हणजे वाचता-लिहिताना काहीतरी बिघडलं (काय, ते विचारू नये), आणि उणे २८ म्हणजे जागा संपली.

"मायनस अठ्ठावीस येतंय," असं मी फोनवर ओरडत होतो तेव्हा बाबांनी पेपर खाली घेतला. "कुठे रे? निफाडलासुद्धा एवढं पडत नाही."

फोन होता दिंडोरीकडच्या एका द्राक्ष निर्यातदाराचा. ऐन सीझन, दारात कंटेनर, न्हावाशेवाला निघायची घाई. "सर, पॅकिंग लिस्ट सेव्ह होते, पण उघडली की कोरी." मी लांबून त्यांच्या मशीनमध्ये शिरलो. फाइलचं नाव बरोबर, तारीख आजची, वेळ दहा मिनिटांपूर्वीची, आणि आकारमान शून्य बाइट. सॉफ्टवेअर मात्र हिरव्या टिकमार्कसह सांगत होतं, 'यशस्वीरीत्या जतन केले'.

झालं असं होतं. होस्टची डिस्क भरली होती. पण गेस्ट लिहिलेलं लगेच पाठवत नाही, आधी आपल्याच मेमरीत ठेवतो आणि 'लिहिलं' म्हणून मोकळा होतो. खरी रवानगी फाइल बंद करताना. तेव्हा होस्टने इमानेइतबारे उणे २८ कळवलं. पण फाइल बंद करतानाही एरर येऊ शकते, हे पॅकिंग लिस्टवाल्या सॉफ्टवेअरच्या गावीच नव्हतं. त्याने 'क्लोज' म्हटलं, उत्तर न ऐकता पाठ फिरवली आणि हिरवा टिकमार्क लावला.

बाबा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालेले. १९२८ पासून नोटा छापणारी जागा. त्यांना हे काही केल्या पचेना. "आमच्याकडे खराब झालेल्या शीटचासुद्धा हिशेब लागायचा. हिशेब जुळेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. तुमच्याकडे अख्खी फाइल गेली, तर सही कुणाची?"

सही कुणाचीच नाही, बाबा.

बरं, हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण गेस्टवर चालणाऱ्या लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जुना होता, आणि शेअर्ड फोल्डर सांभाळणाऱ्या त्यातल्या ड्रायव्हरचं स्वतःचंही एक दुखणं होतं. फोल्डरला हात लावण्यापूर्वी तो लॉक घ्यायचा, म्हणजे मध्येच दुसरं कुणी शिरू नये म्हणून कुलूप. काम झालं की लॉक सोडायचा. आणि एरर आली की, वर सांगितलेला तो शुक्रवारचा 'रिटर्न', म्हणजे लॉक तसंच ठेवून पसार! त्यानंतर जो कुणी फोल्डर उघडायला जाईल तो रांगेत उभा. फाइलींची यादी दाखवणारं साधं 'एलएस' मारलं तरी टर्मिनल गप्प. प्रोसेसच्या अशा अवस्थेला 'डी स्टेट' म्हणतात, आणि तिथे 'किल मायनस नाइन' या जबरदस्तीने मारायच्या हुकुमाचाही काही उपयोग होत नाही. सीपीयू बसून माश्या मारतोय आणि लोड चढतच चाललाय, कारण ताटकळणारेही लोडमध्ये मोजले जातात. १२० सेकंदांनी कर्नल लॉगमध्ये तक्रार नोंदवतो, की अमुक टास्क अडकलाय. नोंदवतो फक्त. करत काही नाही.

दुरुस्ती एका ओळीची: 'रिटर्न' काढून तिथे 'गोटू', म्हणजे सांगितलेल्या ओळीवर थेट उडी. कॉलेजात सर सांगायचे, 'गोटू' वापरणारा माणूस वाया गेलेला. अख्खा लिनक्स कर्नल मात्र एरर निस्तरायला 'गोटू'च वापरतो: फंक्शनच्या तळाशी आवरासावर लिहायची, आणि कुठूनही पडलात तरी तिथेच येऊन पडा, लॉक सोडा, मेमरी परत करा, मग जा. ओळ लिहायला मिनिटही लागत नाही. ती चालते हे दाखवायला मात्र एरर मुद्दाम आणावी लागते, आणि नको तेव्हा येणारी एरर बोलावल्यावर येत नाही. लिनक्सने त्याचीही सोय करून ठेवलीय. 'डेव्ह फुल' नावाचं एक खोटं उपकरण आहे. त्यात काहीही लिहा, उत्तर एकच: जागा नाही. इतकं प्रामाणिक उपकरण मी दुसरं पाहिलेलं नाही. पण ते गेस्टच्याच आत. मला निरोप होस्टकडून यायला हवा होता, म्हणून तिकडे इवलीशी डिस्क बनवून ती काठोकाठ भरली.

हा धंदा मुळातच विक्षिप्त. शेअर्ड फोल्डरसाठी वापरतात तो ९पी प्रोटोकॉल बेल लॅब्सच्या 'प्लॅन ९' या ऑपरेटिंग सिस्टिममधून आला. त्याच्या मूळ अवतारात एरर आकड्यात नव्हे, चक्क वाक्यात यायची. लिनक्स ते वाक्य आपल्या तक्त्यात शोधतो आणि सापडलं नाही तर ५२६ हा आकडा लावून मोकळा होतो. नंतरच्या लिनक्स अवतारात थेट आकडेच आले. आणि २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांना कळलं, की डिस्कवर लिहिताना बिघाड झाला तर 'एफसिंक', म्हणजे 'खरंच डिस्कवर उतरव' हा हुकूम, पहिल्यांदा एरर सांगतं आणि पुन्हा विचारलं तर म्हणतं, सगळं ठीक! डेटा गेलेलाच असतो. तेव्हापासून पोस्टग्रेस अशी एरर दिसली की दुसऱ्यांदा विचारतच नाही, सरळ मान टाकतो आणि लॉग वाचून नव्याने उभा राहतो.

असो. पॅच लागला, आणि पॅकिंग लिस्टवाल्यांच्या मागे लागून त्यांनाही 'क्लोज'चं उत्तर तपासायला लावलं. डिस्क कशाने भरली होती तेही सापडलं: शेठच्या पुतण्याच्या लग्नाचं संपूर्ण शूटिंग, हळदीसकट, दोनदा कॉपी केलेलं. म्हटलं, एक तरी काढा. काढतो म्हणाले.

परवा पुन्हा फोन. "सर, तुम्ही दुरुस्ती केल्यापासून रोज एरर येते. 'जागा शिल्लक नाही' म्हणतं."

"मग जागा करा ना. ते शूटिंग काढलंत का?"

"ते राहू द्या, घरच्यांना पाहायचंय. पण सर, आधी कसं गुपचूप सेव्ह व्हायचं. तो मेसेज तेवढा काढून टाका, त्याचे पैसे वेगळे देऊ."