लोखंडाहून भक्कम, म्हणे! जीपच्या फायबर बॉडीबद्दल फिरणाऱ्या थापा

'जुन्या जीपचं दडवलेलं सत्य' अशा मथळ्याची एक लांबलचक पोस्ट ग्रुपाग्रुपांतून फिरते आहे. मी वाचून सोडून दिली होती. पण अमेरिकेतल्या भाच्याने तीच मला पाठवली आणि खाली लिहिलं, "मामा, मग मी रोल बार सरळ फायबरच्या फ्लोअरलाच बसवतो." त्याच्याकडे १९७४ची सीजे-५ मॉडेलची जीप आहे. पत्रा खालून पार कुजलाय, म्हणून त्याने फायबरग्लासचा, म्हणजे काचेचे तंतू आणि वाळून कडक होणारं रेझिन यांचा, टब मागवलाय. टब म्हणजे बोनेट, पुढचे मडगार्ड आणि छप्पर सोडून उरलेली, माणसं बसतात ती बॉडी. टब मागवला ते ठीकच आहे. पण गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान, म्हणजे रोल बार, कुठे बसवायची हे जर ही पोस्ट ठरवणार असेल, तर उत्तर द्यायलाच हवं.

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची बॉडी मुळात फायबरग्लासची होती, तिच्यातून गोळी आरपार जात नसे. युद्धानंतर पोलाद कंपन्यांनी हे दाबून टाकलं. १९६४ साली बग्गी गाड्या बनवणाऱ्या ब्रूस मेयर्सने ते पुन्हा शोधलं आणि पेटंटवर तो गडगंज झाला. फायबर लोखंडाहून भक्कम आणि वजनाला निम्मं. ते गंजत नाही, त्यामुळे बॉडी बदलली की गाडी नवी. रोल बार, सीटबेल्ट सगळं तिलाच ठोका. आणि शेवटी, जुन्या बॉडीवरची ओळख-क्रमांकाची पट्टी काढून नवीवर रिव्हेट करा की झालं.

आधी युद्ध. विलिस कंपनीच्या 'एमबी' या युद्धातल्या जीपचं उत्पादन १९४१ मध्ये सुरू झालं. तिच्या बॉड्या इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलच्या अमेरिकन सेंट्रल कारखान्यात पोलादी पत्रा दाबून तयार होत. ज्या पॉलिस्टर रेझिनवर फायबर बॉडीचा सगळा खेळ उभा आहे, ते बाजारात आलं १९४२च्या सुमारास. फोर्ड आणि विलिस मिळून ६ लाखांहून जास्त जीप बनल्या. कुठल्याही संग्रहालयातल्या एका जीपला खिशातलं लोहचुंबक लावून बघा, वाद तिथेच मिटेल. आणि या बॉड्या गंजल्या कशा, तेही ठाऊक आहे. फ्लोअरखाली आधाराला टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पन्हळी होत्या आणि त्यांत लाकडाचे ठोकळे भरलेले होते. लाकूड पाणी धरून ठेवी आणि पत्रा आतून सडे. वरून रंग शाबूत दिसायचा, पाय ठेवला की फ्लोअर खाली. जी बॉडी कुजली म्हणून फायबरच्या टबांना गिऱ्हाईक मिळालं, ती मुळात फायबरचीच होती असं म्हणायला जिगर लागते.

गोळीच्या गोष्टीत मात्र एक कण खरा आहे, तोही नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकन सैन्याने युद्धकाळात काचतंतूंचे थर चिकटवून 'डोरॉन' नावाचं चिलखत बनवलं होतं. नाव पडलं जॉर्जेस डोरिओ या अधिकाऱ्यावरून. १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत मरीन सैनिकांनी ते अंगावर वापरलं. ते होतं तोफगोळ्यांच्या किरच्या अडवायला. रायफलची गोळी त्याला जुमानत नसे. शिवाय ते जाकिटात घालायचे तुकडे होते, जीपची बॉडी नव्हे. ही एवढीशी गोष्ट फुगवून कुणीतरी अख्खी जीप बुलेटप्रूफ करून टाकली.

आता पोलाद कंपन्यांचा कट. हा मुद्दा वाचून मला खरंच हसू आलं, कारण या कटाला एकच माणूस पुरून उरतो: हेन्री कायझर. कॅलिफोर्नियात फाँटाना इथे त्याचा स्वतःचा पोलाद कारखाना होता, युद्धकाळात उभारलेला. १९५३ मध्ये त्याच्या कंपनीने विलिस-ओव्हरलँड विकत घेतली, म्हणजे जीपही त्याचीच झाली. आणि १९५४च्या मॉडेल वर्षात याच कायझरने 'कायझर डॅरिन' ही फायबरग्लास बॉडीची स्पोर्ट्स कार विकली. पोलाद त्याचं, जीप त्याची, फायबरची गाडीही त्याचीच. मग दाबलं कुणी आणि कुणापासून? त्याआधीच, १९५३ मध्ये, जनरल मोटर्सने फायबर बॉडीच्या ३०० कॉर्व्हेट स्पोर्ट्स कार बनवल्या होत्या. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनेही १९६१च्या 'स्काउट' या जीपसारख्या गाडीसाठी आधी प्लॅस्टिक बॉडीचाच विचार केला होता. तो बारगळला खर्चामुळे. कारखान्यात लाखाने गाड्या काढायच्या तर पत्रा दाबणं स्वस्त पडतं, मोजक्याच गाड्या काढायच्या तर साच्यात तंतू आणि रेझिनचे थर देणं. यात गुपित कसलं आलंय?

फायबर बॉडीचा खरा उगम होड्यांमध्ये आहे आणि तो मेयर्सच्या बराच आधीचा आहे. कॅलिफोर्नियातला बिल ट्रिट फायबरच्या होड्या बनवायचा. १९५०च्या आसपास हवाई दलातला मेजर केन ब्रुक्स त्याच्याकडे आला. ब्रुक्सकडे काय होतं? विलिस जीपची उघडी चेसिस, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, आणि तिच्यावर चढवलेलं व्ही-८ इंजिन. त्यावर ट्रिटने जी फायबरची बॉडी घडवली, तिच्यातूनच पुढे 'ग्लासपार जी-२' ही विकाऊ बॉडी आली. ज्याला हवी त्याने ती घेऊन आपल्या चेसिसवर चढवायची. डॅरिनच्या बॉड्याही ग्लासपारनेच केल्या. म्हणजे बाहेरून बॉडी घेऊन चढवण्याच्या या धंद्याच्या मुळाशीच एक जीप आहे. पोस्टवाल्याला खरी गंमत सांगायची होती तर ही होती की.

मेयर्सचं श्रेय मी काढून घेत नाही. तोही होड्यांच्या कारखान्यात तयार झालेला माणूस. त्याने १९६४ मध्ये केलेली 'ओल्ड रेड' ही पहिली मँक्स बग्गी अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत २०१४ साली दुसऱ्या क्रमांकावर दाखल झाली. १९६७ मध्ये त्याने आणि टेड मँगल्सने तीच गाडी बाहा कॅलिफोर्नियात ला पाझपासून तिहुआनापर्यंत ३४ तास ४५ मिनिटांत नेली आणि मोटरसायकलचा जुना विक्रम मोडला. फोक्सवॅगनची फ्लोअर-पॅन, म्हणजे गाडीचा पत्र्याचा तळ, कापून आखूड करायची आणि वर फायबरचं कवच ठेवायचं, ही कल्पना जगभर पसरली ती त्याच्यामुळे. पण पेटंटवर गडगंज? कोर्टात त्याचं पेटंट टिकलंच नाही. नकला करणारे मोकाट सुटले आणि १९७१ मध्ये त्याची कंपनी बंद पडली.

भक्कमपणा आणि वजन. काचेचा एकटा तंतू ताणाला पोलादापेक्षा कितीतरी भक्कम असतो, हे खरं. पण टब एकट्या तंतूंचा नसतो. बहुतेक टब तंतूंच्या तुकड्यांची चटई, म्हणजे मॅट, आणि पॉलिस्टर रेझिन यांचे असतात. अशा थराची ताणशक्ती साध्या पोलादाच्या साधारण पाव असते आणि ताठपणा तर पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणून तो जाड करावा लागतो आणि तिथेच 'निम्मं वजन' हवेत विरतं. सव्वा मिलिमीटर पत्र्याच्या एका चौरस मीटरचं वजन भरतं पावणेदहा किलोच्या आसपास. पाच मिलिमीटर फायबरचं साडेसात किलो. सहा मिलिमीटर केलंत तर नऊ. त्यात आत चिकटवलेल्या लोखंडी पट्ट्या धरा. वाचतं थोडंफार, निम्मं नाही.

आता तो रोल बार, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. सीजे-५ आखूड आणि उंच गाडी आहे. ती उलटण्यावरून १९८० साली अमेरिकेत मोठा गदारोळ झाला होता. अशा गाडीत रोल बार शोभेचा नसतो. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकांतलं २१० क्रमांकाचं मानक सीटबेल्टच्या अँकरेजचं, म्हणजे पट्टा गाडीला जिथे पक्का केलेला असतो त्या जागेचं आहे. नुसत्या कमरेच्या पट्ट्याच्या अँकरेजने ५,००० पौंडांचा, म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त, ओढा सहन केला पाहिजे असं ते सांगतं. घरी बसवलेल्या टबची तपासणी कुणी या मानकाने करणार नाही, मान्य. पण अपघातात माणसाचं शरीर पट्ट्याला किती ओढतं, याचा अंदाज त्या आकड्यातून येतो. पाच मिलिमीटर मॅटला भोक पाडून, खाली वॉशर लावून आवळलेला बोल्ट एवढ्या ओढ्याला काय करेल? पत्रा वाकतो, चुरगळतो, ताणला जातो आणि त्यात बराचसा जोर खातो. फायबर तसं वाकत नाही. भोकाभोवती पांढरं पडतं, थर सुटतात आणि बोल्ट वॉशरसकट वर येतो. रोल बारचं उलट: गाडी उलटली की त्याचा पाय फ्लोअर फोडून खाली जातो आणि बार तेवढाच डोक्याजवळ येतो.

बाबा रे, रोल बारचे पाय फ्लोअरमधून आरपार खाली ने आणि चेसिसला बसवलेल्या ब्रॅकेटवर टेकव. सीटबेल्टचे बोल्टही तसेच, चेसिसला किंवा चेसिसला धरलेल्या लोखंडी चौकटीला. हे रेसिंगवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांच्या गाड्यांत फायबर असतं ते वरचं कातडं म्हणून. भार पेलतात नळ्या.

'बॉडी बदलली की गाडी नवी' हेही याच जातीचं वाक्य. फायबर गंजत नाही, शंभर टक्के खरं. पण ते ज्या चेसिसवर बसतं ती पोलादाचीच आहे, आणि ती जुनीच आहे. टब उतरवला आहेच तर तिच्या पन्हळीत हातोडी मारून आवाज ऐक. टणक वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आधी वेल्डरकडे. फायबरच्या चकचकीत वरच्या थराखाली, जेलकोटखाली, कुजकी चेसिस घेऊन फिरणाऱ्या गाड्या कमी नाहीत.

एक गोष्ट पोस्टने सांगितलीच नाही. पत्र्याच्या टबमध्ये दिव्यांची अर्थिंग बॉडीतून परत जाते. फायबरमधून वीज जात नाही. त्यामुळे नवा टब बसवून दिवे लावले की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतात, पेट्रोलचा काटा काहीच्या बाही दाखवतो आणि माणूस फ्यूज बदलत बसतो. प्रत्येक दिव्याला, मीटरला स्वतंत्र अर्थची वायर हवी. पेट्रोल भरायच्या धातूच्या तोंडालाही हवी. तिथली स्थिर विजेची ठिणगी परवडणारी नाही.

राहिली क्रमांकाची पट्टी. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात शीर्षक १८ मधलं कलम ५११ वाहनाची ओळख-क्रमांकाची पट्टी जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं गुन्हा ठरवतं. शिक्षा ५ वर्षांपर्यंत. दुरुस्तीसाठी काढावीच लागली, तर त्याला सवलत आहे. पट्टी परत लावायची ती राज्याच्या नियमांप्रमाणे. तेव्हा ड्रिल हातात घ्यायच्या आधी राज्याच्या वाहन विभागाला विचार, जुन्या टबचे, पट्टी जागेवर असतानाचे फोटो काढून ठेव, आणि तो टब भंगारात द्यायची घाई करू नकोस.