गेमचा स्वभाव त्याच्या लढाईत असतो

व्हिडिओ गेमविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ग्राफिक्स आणि कथा या दोन गोष्टींची चर्चा हमखास होते. जग किती मोठे आहे, पाण्यावरचे प्रतिबिंब किती खरे वाटते, शेवट धक्कादायक आहे की नाही, संगणकात कोणते कार्ड हवे, हे सगळे तपशिलाने सांगितले जाते. मात्र कंट्रोलर हातात धरून बसलेला खेळाडू आपला बहुतेक वेळ वार करण्यात, वार चुकवण्यात, मागे सरण्यात आणि पुन्हा पुढे घुसण्यात घालवत असतो, आणि या कृती कोणत्या नियमांनी बांधलेल्या आहेत याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. गेमर मंडळी ज्याला कॉम्बॅट मेकॅनिक्स म्हणतात, ते हे नियम. माझे ठाम मत असे आहे की एखादा गेम आपल्याला भित्रा करतो की धीट, उतावळा करतो की संयमी, हे त्याच्या संवादांच्या कितीतरी आधी हे नियम ठरवून टाकतात.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या तीन गेममध्ये सापडते. ‘डार्क सोल्स’ (2011), ‘ब्लडबोर्न’ (2015) आणि ‘सेकिरो’ (2019) या तिन्हींचे दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे आहे. तिन्हींमध्ये उद्ध्वस्त झालेले जग आहे, क्रूर शत्रू आहेत आणि वारंवार येणारे मरण आहे. तरीही हे तीन गेम खेळताना माणूस तीन वेगळ्या प्रकारे वागतो आणि त्याचे कारण लढाईच्या मोजक्याच नियमांत केलेल्या बदलांत आहे.

‘डार्क सोल्स’मध्ये पडद्यावर स्टॅमिनाची, म्हणजे दमाची, एक हिरवी पट्टी असते. तलवार चालवली की ती घटते, लोळण घेऊन वार चुकवला की घटते, ढालीवर वार झेलला तरी घटते. ढाल वर धरून ठेवली तर ती भरून येण्याचा वेगही मंदावतो, म्हणजे निवांत सुरक्षित राहण्याचीसुद्धा किंमत मोजावी लागते. त्यातच एकदा सुरू केलेला वार मध्येच थांबवता येत नाही. जड तलवार उचलली की ती खाली येईपर्यंत आपण त्या निर्णयाला बांधलेले असतो. जखम भरून काढण्यासाठी एस्टसची बाटली तोंडाला लावावी, तर ते दोन घोट घेण्याइतका वेळ समोरचा शत्रू देईलच याची खात्री नसते. या सगळ्याचा एकत्रित परिणाम म्हणजे हावरटपणाची शिक्षा. दोन वार बसले, आता तिसराही बसवू, असे वाटले की तिथेच आपण मरतो. काही तासांत खेळाडू आपोआप हिशेबी होतो, कोपऱ्यावर थबकतो, शत्रूच्या खांद्याची हालचाल पाहू लागतो. ‘सावध राहा’ असे त्याला कोणत्याही पात्राने बजावण्याची गरज उरत नाही.

त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या ‘ब्लडबोर्न’ने याच खेळाडूच्या हातातील ढाल जवळजवळ काढूनच घेतली. मूळ गेममध्ये एक लाकडी ढाल मिळते खरी, पण तिच्या वर्णनातच ढालीमुळे माणूस निष्क्रिय होतो, अशा अर्थाचा टोमणा आहे. त्याच्या जोडीला एक नवा नियम आला: मार खाल्ल्यावर गेलेली शक्ती काही क्षणांपुरती परत मिळवता येते, मात्र त्यासाठी लगेच उलट वार करावा लागतो. या एका नियमाने मनाची दिशाच बदलते. ‘डार्क सोल्स’मध्ये जखम झाली की पाय आपसूक मागे जातात; इथे जखम झाली की माणूस त्वेषाने पुढे जातो. या गेमचे कथानक रक्ताच्या आहारी गेलेल्या शहराचे आणि शिकार करता करता स्वतःच श्वापद होत जाणाऱ्या शिकाऱ्यांचे आहे. ती चटक खेळाडूच्या बोटांत उतरते ती या नियमामुळे.

‘सेकिरो’विषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण लढाईची इतकी नेमकी रचना मी अन्य कोणत्याही गेममध्ये पाहिलेली नाही. इथे स्टॅमिनाची पट्टी नाही. तिच्या जागी ‘पोश्चर’ आहे, म्हणजे योद्ध्याचा तोल. आपला तोल आणि शत्रूचा तोल या दोन पट्ट्या समोरासमोर असतात. शत्रूची तलवार आपल्यावर आदळण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबले, तर ठिणग्या उडतात, खणखणीत आवाज होतो आणि तोल शत्रूचा ढळू लागतो. त्याचा तोल पूर्ण ढळला की एकाच प्राणघातक वाराने त्याला संपवता येते (मोठ्या शत्रूंना असे एकाहून अधिक वार लागतात), मग त्याच्या अंगात कितीही शक्ती उरलेली असो. दूर पळून दम घ्यावा म्हटले, तर तेवढ्या वेळात शत्रूही सावरतो आणि सगळे कष्ट वाया जातात. पण त्याची शक्ती घटत गेली की हे सावरणे मंदावते, म्हणून अधूनमधून प्रत्यक्ष जखमही करावी लागते. तलवारीने अडवता न येणाऱ्या वारांपूर्वी पडद्यावर लाल चिनी-जपानी अक्षर चमकते आणि मग तो वार भोसकण्याचा आहे, पायाखालून झाडण्याचा आहे की पकडण्याचा, हे ओळखून पाय रोवायचा, उडी मारायची की बाजूला व्हायचे, ते क्षणार्धात ठरवावे लागते.

परिणामी बचाव आणि हल्ला यांतील सीमारेषाच पुसली जाते. शत्रूचा प्रत्येक वार ही आपली संधी असते. सुरुवातीला गेनिचिरोसारख्या बॉससमोर, म्हणजे मोठ्या लढाईतील बलाढ्य शत्रूसमोर, हात थरथरतात, कारण ‘डार्क सोल्स’ने लावलेली मागे सरण्याची सवय इथे घातक ठरते; ती सवय सुटली की दोन तलवारींच्या आवाजाला एक लय सापडते. घाबरून बटण पुन्हा पुन्हा दाबले, तर अचूक प्रतिकाराला मिळणारा अवधी अधिकच आखडतो, म्हणजे धांदरटपणालाही इथे नियमानेच वेसण घातलेली आहे. शिवाय शक्ती वाढवण्याचे मार्ग मुख्यतः मोठ्या लढाया जिंकण्याशी जोडलेले असल्यामुळे, किरकोळ शत्रू मारत बसून स्वतःला बलाढ्य करून घेण्याची सोयही फारशी नाही. सुधारायचे असते ते खेळणाऱ्याला, पडद्यावरच्या पात्राला नव्हे.

हा गेम आला तेव्हा त्यात सोपी पातळी असावी की नसावी यावर जगभर वाद झाला. माझी बाजू मी स्पष्ट सांगतो. ज्यांना शारीरिक मर्यादांमुळे इतक्या वेगाने बटणे दाबता येत नाहीत, त्यांच्यासाठी सोयी असायलाच हव्यात. ‘सेलेस्ट’ (2018) या गेमने वेग कमी करण्यासारखे पर्याय खेळाडूच्या हाती दिले आणि त्यामुळे त्याच्या गुणवत्तेला कुठेही उणेपणा आला नाही. मात्र शत्रूची शक्ती निम्मी करून टाकणे ही ‘सेकिरो’च्या बाबतीत खरी मदत ठरणार नाही, कारण मग तोल ढळवण्याची गरजच संपेल, शत्रू साध्या वारांनी पडेल आणि उरेल तो वेगळाच गेम. सोपे करायचे असेल तर प्रतिकारासाठी मिळणारा अवधी वाढवावा, वेग कमी करावा, पण मूळ नियम शाबूत ठेवावा.

लढाई ‘छान वाटते’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यामागेही असेच मोजून-मापून केलेले काम असते. प्रत्येक वाराचे तीन भाग असतात: हात उगारणे, प्रत्यक्ष घाव आणि सावरणे. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 स्थिर चित्रे, चालणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण 16.7 मिलिसेकंद, आणि ‘स्ट्रीट फायटर’ मालिका गंभीरपणे खेळणारे लोक एकेका वाराच्या या फ्रेम पाठ करतात. घाव बसताच दोन्ही पात्रे काही फ्रेम जागीच गोठवण्याची युक्ती असते, तिला हिटस्टॉप म्हणतात. डोळ्यांना ती जाणवतही नाही, पण ती काढून टाकली तर तलवार हवेतून फिरल्यासारखी वाटते. वजनाचा सगळा भास त्या गोठलेल्या क्षणात असतो. आज ज्याला कॉम्बो म्हणतात तो प्रकारसुद्धा ‘स्ट्रीट फायटर 2’ (1991) घडत असताना ठरवून आलेला नव्हता. एकापाठोपाठ वार जोडता येतात हे कॅपकॉमच्या निर्मात्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी ते राहू दिले. पुढे लढाईच्या गेमचा एक संपूर्ण प्रकार त्यावर उभा राहिला.

बंदुकीच्या गेममध्येही हेच दिसते. ‘कॉल ऑफ ड्यूटी 2’ (2005) नंतर आडोशाला बसले की शक्ती आपोआप भरून येण्याची पद्धत सर्रास झाली. परिणाम असा की पडद्यावर शूर सैनिक असतो आणि खेळणारा मात्र भिंतीमागे बसून पडद्याचा लाल रंग जाण्याची वाट पाहतो. 2016 च्या ‘डूम’ने हे उलटे केले. तिथे जखमी राक्षसाला अगदी जवळ जाऊन हातांनी मारले की त्याच्यातून आपली शक्ती बाहेर पडते, म्हणजे मरायला टेकलेल्या माणसाला जगायचे असेल तर गर्दीत घुसावेच लागते. ‘डूम इटर्नल’ (2020) मध्ये करवतीने मारले की गोळ्या आणि आगीने पेटवून मारले की चिलखत मिळते. शत्रू हीच रसद. मला स्वतःला ‘इटर्नल’ किंचित जास्तच शिस्तीचा वाटतो, कारण अमुक राक्षसाला अमुक हत्यार हे तो सारखे बजावत राहतो आणि आधीच्या गेममधील मुक्तपणा थोडा हरवतो.

आपल्याकडे मोबाइलवर भरपूर खेळला जाणारा बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा गोळीबाराचा गेम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एकदा मेले की बहुधा सामना संपला, गोळीला लक्ष्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, औषधोपचाराला काही सेकंद जातात आणि सुरक्षित वर्तुळ आकसत राहते. या चार नियमांमुळे त्यात प्रत्यक्ष गोळीबार थोडा आणि कानोसा घेणे फार असते. मुले तासन्‌तास त्यात गुंततात, त्याचे मोठे कारण ही ताणलेली शांतता आहे, असे मला वाटते. ‘नुसता गोळीबार’ म्हणून त्याला मोडीत काढणाऱ्या पालकांनी एखादा सामना शेजारी बसून पूर्ण पाहावा.

लढाईच्या नियमातून थेट अर्थ कसा सांगता येतो, याचे मला सर्वांत प्रिय असलेले उदाहरण मात्र फार जुने आहे. जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (1989) आपल्यापैकी अनेकांनी डॉसच्या संगणकांवर खेळलेला असेल. त्यात एका आरशातून राजपुत्राची सावली बाहेर पडते, पुढे त्याला नडत राहते आणि शेवटी तलवार उपसून समोर उभी राहते. इथवर खेळाडू एकच गोष्ट शिकलेला असतो: पुढे सरका, वार अडवा, वार करा. पण या लढाईत सावलीला जखम झाली की आपलीही शक्ती घटते, तिला मारले तर आपणही मरतो. वाट एकच असते. तलवार म्यान करायची. आपण म्यान केली की सावलीही म्यान करते, दोघे एकमेकांकडे चालत जातात आणि एक होतात. यासाठी एकही संवाद नाही, सूचना नाही. जे बटण आतापर्यंत माघारीचे वाटत होते, तेच विजयाचे ठरते, आणि ते खेळाडूला स्वतः शोधावे लागते म्हणून ते कायमचे लक्षात राहते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ (2017) आहे. प्राचीन इजिप्तचे इतके मन लावून उभे केलेले जग क्वचितच पाहायला मिळते. परंतु त्यात शत्रूंना लेव्हल, म्हणजे ताकदीचे आकडे, दिल्या गेल्या आणि आपली लेव्हल पुरेशी कमी असेल, तर बेसावध माणसाच्या गळ्यात लपवलेले पाते पूर्ण खुपसूनही तो मरत नाही, फक्त त्याच्या शक्तीची पट्टी थोडी कमी होते. निःशब्दपणे एका घावात काम साधणारा मारेकरी ही ज्या मालिकेची ओळख, तिच्यातच हा नियम यावा याचे मला मनापासून वाईट वाटते. आकडा डोळ्यांसमोर आला की गळ्यावरचे पाते खोटे वाटू लागते आणि मग ते सुंदर जगही हळूहळू देखावा होऊन जाते.

हे सगळे लिहिण्यामागे एक जवळचे कारणही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने 2020 मध्ये ‘राजी’ हा गेम प्रसिद्ध केला. दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडणारी, आपल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा. त्यातील चित्रकला आणि वास्तू अप्रतिम आहेत. राजी खांबाला धरून गिरकी घेते, भिंतीवर धावत जाऊन उलटा वार करते, तेव्हा मल्लखांब पाहिलेल्या कोणाही मराठी माणसाला ओळखीचे काहीतरी दिसते. उत्तरार्धात मात्र त्याच त्या चालींनी काम भागू लागते, शत्रू नवे प्रश्न विचारत नाहीत आणि लढाई सपाट होते. छोट्या चमूने मर्यादित साधनांत केलेल्या कामाचे मोल मी जराही कमी लेखत नाही. खांबाची ती कल्पना अजून खूप खोलवर नेता आली असती, एवढेच माझे म्हणणे आहे.

कारण आपल्याकडे या कामासाठी लागणारा कच्चा माल भरपूर आहे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांतील दांडपट्टाच घ्या. त्याचे पोलादी आवरण हाताला कोपरापर्यंत झाकते, त्यामुळे मनगट वळवता येत नाही आणि लांब, लवचिक पाते फिरवायचे ते खांद्यातून आणि अख्ख्या शरीराच्या गिरकीतून. म्हणजे या शस्त्राचा नियम त्याच्या घडणीतच आहे: फिरत राहा, थांबलात की उघडे पडाल. एखाद्या गेममध्ये गिरकीचा वेग टिकवून ठेवणे हीच खेळाडूची शक्ती मानली, प्रत्येक अडलेल्या वाराबरोबर तो वेग तुटू दिला आणि तो पुन्हा पकडण्यासाठी पदन्यासाची अचूक वेळ साधायला लावली, तर ‘डार्क सोल्स’ आणि ‘सेकिरो’ या दोघांपेक्षाही वेगळी अशी लढाई तयार होईल. दोरी बांधलेला विटा, म्हणजे एक प्रकारचा भाला, फेकून पुन्हा हातात ओढून घेता येतो. ‘गॉड ऑफ वॉर’ (2018) मधील फेकून परत बोलावता येणाऱ्या कुऱ्हाडीचे जगभर कौतुक झाले, आणि विट्याला तर जादूचीही गरज नाही, फक्त दोरी ताणलेली आहे की सैल, याचे भान खेळाडूच्या हाताला द्यावे लागेल. शिवकाळावर गेम करू इच्छिणाऱ्या तरुणांनी गडकोटांची थ्रीडी मॉडेल जरूर करावीत, पण त्याआधी कोल्हापूरच्या एखाद्या आखाड्यात काही दिवस जाऊन पट्टा फिरवणाऱ्याचे पाय कुठे पडतात ते नोंदवून घ्यावे.